सिणिया

जाताना खेतारामनं रुमालाची गाठ सोडली
आणि माझ्या तळव्यावर ठेवल्या अकरा बिया,
घेवड्याच्या घडणीच्या, पण मोहरीहून जरा थोराड एवढ्याच.
सिणिया, म्हणाला. पिवळं फूल. बाडमेरला वाळूत येतं.
मी म्हटलं, वाळूचं मला सांगू नको.

चौतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत
वाळूच तर दाबली.
मूठभर घ्यायची, आवळायची, मूठ उघडायची.
बोटांचे ठसे उमटून राहिले तर साचा उभा राहतो.
सांडली तर पाणी कमी. हाताला चिकटली तर जास्त.
लॅबमधल्या मशीनच्या आधी
माझ्या अंगठ्याला कळायचं.

पहिल्या चार बिया कुजल्या.
गौराक्का रोज तांब्या ओतायची, मला न सांगता.
तिला काय बोलायचं? उसाच्या गावात जन्म गेलेल्या माणसाला
तहानलेलं रोप बघवत नाही.
पाटाचं पाणी रात्री दोनला सुटलं
तरी बॅटरी घेऊन पळणारी आम्ही माणसं.
पाणी न देणं
आमच्याकडं कुणी कुणाला शिकवलेलंच नाही.

मग कंपनीमागच्या ढिगातनं वाळू आणली,
टाकून दिलेली, कोळशानं काळी,
कितीदा तरी रसाखाली भाजलेली.
सात पाण्यांनी धुतली. आठवं नितळ आलं.
चिकटमाती सगळी मोरीतनं गेली,
जिच्या जिवावर आमची पोटं भरली तीच.
मूठ आवळली, उघडली,
वाळू बोटांतनं सुळकन खाली.
असं झालं की सुपरवायझर आई-बाप काढायचा.
आता हेच पाहिजे होतं.
हाताला पटायला दोन दिवस लागले.

तनुजा, वहीत लिहून घे.
बी पॉलिश पेपरवर घासायचं, पाठीकडनं,
पोटावरची खूण सोडून.
रात्रभर कोमट पाण्यात.
सकाळी फुगलेलं लावायचं, न फुगलेलं परत घासायचं,
त्याच्यावर रागवायचं नाही.
कुंडी नको. हे आधी खाली जातं,
वर यायचं का नाही ते नंतर ठरवतं.
बोअरच्या केसिंगचा अडीच फुटी तुकडा उभा कर,
तळाला खापऱ्या.
शेणखत नको. लाड नको.
महिन्याला दोन तांबे,
आणि आजीला गच्चीची किल्ली द्यायची नाही.
हे शेवटचं लिहू नको.

श्रावणात पंचगंगा रस्त्यावर आली.
गल्लीतली पोरं पाणी कुठवर चढलं बघायला गेली,
मी जिन्याखाली
पाईप मांडीवर घेऊन बसलो, बारशातल्या मामागत.
वर पत्रा धरला, पत्र्यावर पोतं.
म्हातारा खुळा झाला, कोण तरी म्हणालं.
त्या अकरातलं एकच उरलं होतं तोवर.
दोन मुंग्यांनी नेली. बाकीच्यांचं काय झालं,
मला अजून माहीत नाही.

माघात फुललं.
नखाएवढं. आपल्या तागाचंच भाऊबंद, खुळखुळ्याच्या घरातलं,
पाकळीवर तांबड्या शिरा.
आणि पिवळा कसला, तर लॅडल कलंडताना
रसाच्या कडेला जो क्षणभर दिसतो,
काळ्या चष्म्याशिवाय बघू नको म्हणतात, तो.
मी चष्म्याशिवाय बघितला.

खेतारामला व्हिडिओ कॉल लावला.
तो हसला, मग खोकला, मग परत हसला.
अहो, आमच्याकडं हे कुणी लावत नाही.
बकऱ्या तोंड घालतात, म्हातारे दोर वळतात,
झोपडीवर टाकायला होतं.
लावलंत? खरंच लावलंत?
मग त्यानं बायकोला बोलावलं, तिनं जावेला,
शेजारचा कोण तरी चिलीम घेऊन आला.
सहा तोंडं फोनमध्ये दाटली
आणि दाराबाहेर शेकड्यानं उभं असलेलं
ते झुडूप
माझ्या गच्चीवर बघत राहिली,
कुणी काही बोलेना.

मागनं गौराक्का विचारत होती,
एवढं फुललंय बिचारं,
घालू का थोडं पाणी?