अकराव्या मोसमाचा अहवाल

सभा सुरू झाली तेव्हा पावणेदहा वाजले होते.
हजर चार. लॉन्ड्रीच्या वरची खोली, घोडपदेव.
इस्त्रीची ऊब फरशीतून वर येत होती,
चपला काढून पाय शेकत
एकनाथ पाठारे म्हणाला,
आधी बक्षिसं उरका, भांडणं नंतर.

तर मोसमाचा उत्कृष्ट पिचर:
माझगाव डॉकर्सचा डावखुरा इस्माईल मुकादम. एकवीस विजय.
त्याचा चेंडू आम्ही कुणी पाहिलेला नाही,
कारण चेंडूच नाही. बॅट नाही.
खरा बेसबॉल चौघांपैकी एकानंही हातात धरलेला नाही.
मैदान म्हणाल तर एक जुना लॅपटॉप,
ज्याचं एक बटण उडालंय, तिथे काडीनं टोचावं लागतं.
तरी मेल्विन परेरा संघमालक म्हणून उठला,
कॉलर सारखी केली
आणि पितळी वाटी दोन्ही हातांनी घेतली.
(वाटी फिरती आहे. तळाला त्याच्याच आत्याचं नाव आहे.)

शिवडी फ्लेमिंगो सलग सतरा सामने हरले.
हाही विक्रमच, तो इतिवृत्तात घ्या,
असा सुलभा कारखानीसांचा आग्रह. घेतला.

मग दामोदर.

दामोदर खवणेकर, भांडुप पंपिंग, पहिला बेस.
त्याला मीच जन्माला घातलं होतं,
एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर.
वय अठ्ठावीस, ताकद नव्वद, पळणं बावीस.
आमच्या सहा वर्षांत त्याची अकरा झाली.
मला चष्मा लागला,
एकनाथची नोकरी गेली, दुसरी लागली, तीही गेली,
आणि दामोदर सूत्राबरहुकूम
दर मोसमाला थोडाथोडा मंदावत गेला.
दोनशे नव्व्याण्णव होम रन.
शेवटचा सामना, शेवटची पाळी, दोन बाद.
मी एंटरवर बोट ठेवून बसलो होतो,
खाली ड्रायर गरगरत होता.
दाबलं. ओळ उमटली:
खोलवर फटका. कुंपणाशी झेल.

मेल्विन म्हणाला, परत दाब रे, कोण बघतंय?
आपणच, सुलभाताई म्हणाल्या.
मग कुणी काही बोललं नाही.

नियमानं पुढची चौकट आली: निवृत्त? हो, नाही.
एकनाथनं विचारलं, आता हा करणार काय?
घर आहे का त्याला? बायको?
त्याला रकाना नव्हता.
रकाने सदुसष्ट आहेत, डाव्या हाताच्या पिचरपुढे
रात्रीच्या सामन्यात त्याची सरासरी किती, तेही आहे,
पण हे नव्हतं.
सुलभाताईंनी त्याला काळाचौकीला एक खोली दिली,
मेल्विननं गोदीत ओळखीनं काम लावलं,
आणि ठराव झाला की दोनशे नव्व्याण्णव हा आकडा
दोनशे नव्व्याण्णवच राहील.
टाळ्या. जरा जास्तच वेळ.

साडेअकराला खाली उतरलो तर
भोईटे वॉचमन खुर्चीतून उठले.
काय हो, वाढदिवस कुणाचा?
म्हटलं, नाही, एकजण रिटायर झाला.
किती सर्व्हिस?
अकरा.
त्यांनी मान हलवली, अकरा म्हणजे फार नाही.
माझी सतरा झाली या गेटवर.
पण एजन्सी चारदा बदलली ना,
नवी आली की म्हणते, तुम्ही आजच लागलात.
पुन्हा शून्यावरून.

तिघं पुढे गेले होते.
लीगची वही माझ्या काखेत होती, शेवटची पानं कोरी.
मी बल्बखाली सरकलो, पेनाचं टोपण काढलं.
सतरा वर्षं. रात्री किती होतील?

भोईटे जरा वेळ गेटकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
भावाच्या लग्नाचे सहा दिवस वजा करा.