उणे बावन्नचा तास

लहान वर्गांना सुट्टी होती त्या दिवशी.
आम्ही सातवीतले, म्हणजे मोठे ठरलेले,
पापण्यांवरचं बर्फ चिमटीनं मोडत
लेनाकाठच्या शाळेत येऊन बसलो.

तुयारा बाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं :
घरून एकेक पदार्थ आणा.
पदार्थ म्हणजे खायचाच असं नाही, सार्गी.
तरी सार्गीनं दूधच आणलं.
अंगणातल्या चळतीतली एक चकती,
वाडग्याच्या आकाराची, मधोमध काडी रोवलेली.
बाईंनी ती बाकावर आपटली. ठण्ण.
"काय काय दिसलं? लिहा.
रंग. आकार. कठीणपणा. आवाजसुद्धा लिहा.
आणि शेगडीजवळ ठेवलं की काय होईल?"
"दूध होईल," आम्ही ओरडलो.
"होईल कशाला? दूध आहेच ते.
आत्तासुद्धा."

आयालनं कुऱ्हाडीचं पातं आणलं, अर्धंच.
बाप सकाळी लाकडं फोडायला गेला
आणि पहिल्याच घावात लाकूड शाबूत, पोलाद दोन तुकडे.
"पोलाद कणखर असतं ना, बाई?"
"असतं. पण किती थंडीत, ते कुणी विचारत नाही."
(चव बघायची नाही, त्या घाईघाईनं म्हणाल्या,
जीभ चिकटते. बोलोतला सगळ्यांनी वळून पाहिलं.)

मग भिंतीवरचा जुना तापमापक.
त्यातला पारा एकोणचाळीसच्या आसपास
गपगार बसलेला, नोव्हेंबरपासून.
बाहेर बावन्न असो की साठ, त्याला सोयरसुतक नाही.
"तिथं तो गोठतो," बाई म्हणाल्या,
"त्याच्या पुढचं त्याला मोजता येत नाही.
तोही गुणधर्मच."
आमच्या बाईंचा पारा कधी चढायचा नाही
तो बहुतेक यामुळेच.

न्युर्गुननं काही आणलं नाही असं वाटलं.
मग त्यानं खिशातून काडेपेटी काढली, उघडली.
राख. चिमूटभर, करडी.
गेल्या मार्चमध्ये त्यांचं घर जळालं होतं,
हे सगळ्या गावाला ठाऊक होतं,
बाईंनाही.

त्यांनी काडेपेटी तळहातावर घेतली
आणि शिकवत राहिल्या, जरा हळू आवाजात :
हिला शेगडीजवळ ठेवा नाहीतर अंगणात,
लाकूड होणार नाही. हा बदल वेगळा.
पण नाहीसं काहीच होत नाही.
वाफ, धूर, वायू, राख,
सगळं गोळा करून तोललं, जळताना ओढलेली हवाही मोजली,
तर वजन तेवढंच भरतं. तंतोतंत.

"मग घर कुठं आहे?"

वर्गात शेगडीतलं लाकूड तडतडलं.
कोपऱ्यातल्या पिंपात
नदीतून कापून आणलेली बर्फाची लादी
एका बाजूनं कलली, पाण्यात बुडाली,
आणि पुन्हा वर आली.
तिच्याकडे बघत बाई बराच वेळ उभ्या राहिल्या.
"तोलता येतं," त्या म्हणाल्या,
"तेवढंच मला सांगता येतं, न्युर्गुन."
काडेपेटी त्यांनी मिटून परत दिली,
दोन्ही हातांनी,
पाहुण्याला पेला द्यावा तशी.

वसंतात परीक्षा झाली. नदी फुटायच्या बेताला होती,
खिडकीतून तिचे धडाके ऐकू येत होते.
प्रश्न तिसरा : रासायनिक बदलाचं एक उदाहरण द्या.
मी लिहिलं : न्युर्गुनचं घर.
मग लाज वाटली. खोडलं.
खाली लिहिलं : घोडीच्या दुधाचं कुमिस,
कारण आंबलेलं पुन्हा दूध होत नाही
आणि त्याबद्दल कुणी रडतही नाही,
उलट उन्हाळ्यात सगळा गाव पितो.

पेपर परत आला.
कुमिसला पूर्ण गुण होते.
आणि खोडलेल्या ओळीच्या कडेला,
लाल नव्हे, शिसपेन्सिलीनं,
एक बारीकशी बरोबरची खूण.