एक तृतीयांश

परकारांच्या माडीवर बोलावणं आलं
तेव्हा वाटलं फ्यूज असेल, नाहीतर पंप.
समोर निघाली काचेची पेटी
आणि पेटीत पाल.

पाल नाही काका, गेको, सुहैल म्हणाला.
नाव नाचणी. पिवळ्या अंगावर तसेच दाणे,
शेपटी मुळ्यासारखी जाड,
आणि चक्क पापण्या मिटते.
म्हटलं, तुझ्या भिंतीवर फुकट चाळीस आहेत,
आणि तू ही पुण्याहून विकत आणलीस?
ट्यूबमागची एक तेवढ्यात चुकचुकली.
बोललं ते खरं.

पाच दिवस तिने काही खाल्लं नव्हतं.
झुरळ तिच्या नाकासमोरून फेऱ्या मारत होतं.

हर्णैची थंडी ती काय, पौषातल्या चार रात्री,
जेटीवर कानाला मफलर, संपलं.
पण हिच्या अंगात स्वतःची चूल नाही.
जमीन तापेल तेवढीच भूक,
पोटाखाली ऊब नसेल
तर गिळलेलं तसंच पडून राहतं.

पोराने जुगाड करून ठेवलेलं आधीच:
साठचा बल्ब, उघडा, आत लोंबता,
होल्डरवर खाऱ्या हवेचा हिरवा गंज.
शिवाय एक प्लास्टिकचा दगड, वायर लावली की तापणारा.
दोन्ही पहिल्यांदा काढले.
दगडावर तळवा ठेवून तो म्हणाला,
काका, कोमट तर आहे.

मी माझा उजवा हात दाखवला त्याला.
सत्त्याण्णव साल, आंजर्ल्याचा खांब,
लाइन बंद आहे असं कुणीतरी म्हणालं होतं.
करंगळी आणि तिच्या शेजारची:
चहाचा पेला भाजतोय हे या दोघींना
फोड आल्यावर कळतं.
हिच्या पोटाचंही तसंच आहे, बाळा.
ऊब कळते, चटका कळत नाही.
ती उठणार नाही. बसून राहील, भाजत.
म्हणून हाताला विचारायचं नाही,
आकड्याला विचारायचं.

चटई पेटीच्या बाहेरून, बुडाला,
एका कडेला, तिसरा हिस्सा फक्त.
बाकी दोन हिस्से गार राहू देत.
तिला नको झालं तर उठून जाता आलं पाहिजे.
(यावर त्याची आई काही बोलली नाही,
पण दारातून आत आली आणि बसली.)

पेटीखाली चार बुचं, हवा खेळायला.
थर्मोस्टॅटचं टोक बरोबर चटईच्या वर,
तिने उपटू नये म्हणून चिकटवलं. बत्तीस.
वायरीला मागे झोळ दिला,
पाणी ओघळलं तर झोळातून टपकेल, प्लगात शिरणार नाही.
मग अर्थिंग बघितलं.
नव्हतं.
तीन भोकांचं तोंड, मागे तारा दोन,
तिसरं नुसतं शोभेला.
खाली उतरलो, माडाच्या आळ्यात सळई ठोकली,
ते बारा महिने ओलं.
एका पालीपायी अख्ख्या घराला जमीन मिळाली.

आणि लाइट गेली तर?
जाणारच.
गरम पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून,
बाहेरून काचेला टेकव. वरून गोधडी,
जाळी मोकळी ठेवून.
आत काही नाही. आत काहीही नाही.

आज रात्री नुसती पेटी चालव, म्हटलं,
ती राहू दे बुटांच्या खोक्यात, घरात, उबेला.
रात्रभर मेसेज येत राहिले.
एकतीस पूर्णांक आठ.
बत्तीस पूर्णांक एक.
तीन वाजता: काका, झोपलात?

चौथ्या दिवशी एकच शब्द: खाल्लं.
मागोमाग फोटो, धूसर,
गार बाजूच्या कोपऱ्यात नाचणी, डोळे मिटून.

मी चहा ओतला.
पेला डाव्या हातात घेतला.