शार्कचा दात

बास्केटबॉलच्या कड्याखाली खुर्च्या मांडून
शाळा-मंडळाची सभा रात्री अकरापर्यंत चालली.
जीवशास्त्राच्या पुस्तकात चिठ्ठी डकवायची:
'हा सिद्धान्त आहे, सत्य नव्हे.'
क्रॅनफिल बाई नुसत्याच उभ्या,
खडूची बोटं पाठीमागे लपवून.

बाबांनी हात वर केला.
चौथं मत. ठरलं.

परतताना पिकअपमध्ये कुणी बोललं नाही.
डॅशबोर्डवर खडखडत होता तो दात,
मी सहा वर्षांची असताना
नांगराच्या फाळाला लागलेला.
बाबांनी थुंकी लावून पुसला,
माझ्या तळहातावर ठेवला, म्हणाले,
"इथं समुद्र होता, मार्लीस. कॅन्ससमध्ये!"

"किती वर्षांपूर्वी?"
आज पुन्हा विचारलं.

त्यांनी दिवे मंद केले,
समोरून कुणीच येत नसताना.