तिकीट

रात्री साडेनऊला हेल्दुर झोपायच्या खोलीच्या दारात उभा राहतो,
पायजम्यावर फेरीबोटीची निळी टोपी,
आणि म्हणतो, तिकीट.

पहिल्यांदा मी हसले.
दुसऱ्यांदा समजावलं, अरे मी विर्वे,
हे आपलं घर, ती बघ तुझी उशी.
त्याने मान हलवली, अगदी अदबीने,
फुकट्या प्रवाशांपुढे हलवायचा तशी:
बाई, सगळे असंच सांगतात.

त्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपले.

आता एप्रनच्या खिशात तिकिटं असतात.
ट्रंकेतली जुनी मार्चमध्येच संपली,
मग ओटच्या खोक्यांची कापली,
आणि परवा पिरेतने ताल्लिनहून पाठवलेलं
वृद्धांच्या निवासाचं जाड, गुळगुळीत पत्रक,
त्याची सोळा झाली.
फोनवर लेकीला म्हटलं, हो गं, फार कामी आलं.

तिकीट तो दिव्याशी धरून बघतो,
कोपरा फाडतो, उरलेलं परत देतो.
बेचाळीस वर्षं बोटांत शाबूत आहेत.
एकट्याच? विचारतो.
नाही, पलीकडे नवरा घ्यायला येणार आहे.
वारा आहे आज, तो म्हणतो,
पण येईल तो. बसा आत.

पूर्वी हिवाळ्यात समुद्र गोठायचा,
फेरी बंद, आणि हिउमापासून पार पलीकडे
बर्फावरून रस्ता.
त्या रस्त्यावर पट्टा बांधायचा नाही, असा नियम.
बर्फ फुटलाच तर दार ढकलून बाहेर पडता यावं.
मोस्कविच घेतली त्या वर्षी
माझा हात भीतीने पट्ट्याकडे गेला,
त्याने तो काढून गिअरवर, आपल्या हाताखाली ठेवला.
थांबायचं मात्र नाही, म्हणाला,
थांबलं की सगळं वजन एका जागी साचतं.

कित्येक वर्षांत बर्फ तसा धरलेला नाही.

नर्स म्हणते, स्वतःसाठी जरा थांबत जा.
हो म्हणते मी.

किती वेळ लागेल? अंधारात मी विचारते.
सव्वा तास. झोपा, पोचलो की उठवतो.

आणि कधी पहाटे तीनला खरंच उठवतो.
मी कोट चढवते, त्याच्या बुटांच्या नाड्या बांधते,
फाटकापर्यंत जातो आम्ही.
कुणी आलं नाही का तुम्हाला घ्यायला?
येतंय, म्हणते,
आणि टोपी खाली ओढते, त्याच्या कानांवर.