खुलासा

आम्ही अकरा संस्था, मंच एक.
लोगोत हातात हात, मागं उगवता सूर्य.
कळंबच्या बसस्टँडमागं दोन खोल्या,
भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र, बारा-ए, ऐंशी-जी,
कलेक्टरांसोबतचा फोटो, लॅमिनेशन केलेला.
बघायला यायच्या फक्त पाली.

गावात संस्था म्हटलं की लोक खिसा चाचपायचे.
"मागं एक आल्ती," सुंद्राबाई सांगायची,
"शिलाई मशीन देते म्हणून अंगठे घेऊन गेली.
अंगठे काही वापस आले नाहीत."

मार्चात आमच्यातच निघालं:
डोंगराकडच्या संस्थेनं एकच बोअर
तीन अहवालांत तीनदा खणला होता.
रात्री बैठक. लाईट नाही.
कांचनताई म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची.
निवृत्ती ढवारे, जो एरवी फक्त सतरंजी उचलतो,
म्हणाला, "मूठ अकराजणांची हाय ताई.
वास कुणाच्या बोटाचा, लोक कसं वळखणार?"

बाजारतळाला गफूरच्या हॉटेलाची बाजूची भिंत.
डांबरानं चौकट आखली, खडूनं लिहिलं:
बोअर एक. दाखवले तीन.
दोहोंचे पैसे परत करणार, मुदत दिवाळी.
खाली अकरा सह्या, एक नको-नको म्हणत केलेली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
एकानं भज्याच्या कागदाला हात पुसत वाचलं आणि थुंकला.
सुंद्राबाईनं नातीकडून सगळा जमाखर्च वाचून घेतला,
मग विचारलं,
"कनातीचे चारशे कशाचे?
सावली तर लिंबाची होती की त्या दिवशी."

होती.
ते चारशे मी लिहिले होते.
पुढच्या बाजाराला खोडले, खोडलेलं दिसेल असे.

मग दर बाजाराला भिंत.
आषाढात एक शेळी पाठ घासून गेली,
पुसलेला आकडा गफूरनं आपणहून गिरवला,
घाईत तेराचे एकतीस केले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात चपलाच चपला.
"एकतीस कसे झाले?"
सुंद्राबाई पुढं, मागं तो थुंकणारा,
आणि ज्यांना आम्ही कधी लाभार्थी म्हणूनही लिहिलं नव्हतं
अशी पाच-सहा माणसं.
ढवारे फाईल काढायला उठला.

खुर्च्या पुरल्या नाहीत.
पंक्चरवाल्या इस्माईलकडून बाक आणला
आणि बसण्याआधी नोंद केली:
बाक एक, उसना.