एकच्या जागी

शेफील्डच्या बंद पडलेल्या पोलाद-कारखान्याच्या आवारात
रविवारी सकाळी लोक गाड्यांच्या डिक्या उघडून
जुनं विकायला बसतात.
धुकं एवढं, की पलीकडची गाडी
तिच्या रेडिओवरूनच कळते.
तिथं तलातूच्या मेजावर मला दिसलं
पितळी मापटं,
तळाला पोचा आलेलं, काठावर कुणाची तरी पुसट अक्षरं.

तिनं आठ पौंड सांगितले. मी म्हटलं, तीन.
ती हसली, छातीवर हात ठेवला
आणि म्हणाली, "अल्बर्का."

मला वाटलं, झाला सौदा.
पिशवी उघडली, मापटं उचललं,
तर तिनं ते अलगद माझ्या हातातून काढून घेतलं
आणि परत ठेवलं
मेजावरच्या त्याच कोरड्या वर्तुळावर.

मग तिनंच सांगितलं. कानोच्या बाजारात
'नाही' असं तोंडावर म्हणत नाहीत.
भाव पटला नाही, तर गिऱ्हाइकाला आशीर्वाद देतात.
अल्बर्का :
तुझ्या पैशाला बरकत येवो बाई,
पण तुझ्याच खिशात.

माझे वडील बार्शीच्या अडतीवर मापारी.
ज्वारीच्या राशीपुढं उकिडवे बसून
पहिली पायली पोत्यात ओतताना
ते 'एक' म्हणत नसत.
"बरकत," म्हणायचे, आवाज लांबवून,
मग दोन, मग तीन.
एक म्हटलं की रास मोजली जाते, म्हणायचे,
बरकत म्हटलं की ती ऐकते.
मी पहिलीत उजळणी म्हणताना
"बरकत, दोन, तीन" म्हटलं
आणि जोगदंडबाईंची पट्टी खाल्ली.

आईच्या तोंडी मात्र तो शब्द
कधी 'नाही'शिवाय आलाच नाही.
तेलाची बुधली पालथी धरून, थेंबाची वाट बघत,
"बरकत नाही या घरात."
तिचं ऐकून वाटायचं,
संपलेल्या वस्तूंचंच हे नाव असावं.

आता रात्रपाळीला मी गोदामात खोकी मोजते.
हातातल्या यंत्राला एकच माहीत :
टिक्, एक. टिक्, दोन.
पहिल्या खोक्याला मी ओठातल्या ओठात बरकत म्हणते.
शेजारच्या पट्ट्यावरच्या नेजदेतनं ते ऐकलं एकदा.
त्याचा बाप आन्तेपला पिस्ते विकायचा,
गल्ल्यात नाणं पडलं की म्हणायचा, "बेरेकेत वेरसिन."
म्हणजे त्यांच्याकडे मोजून झाल्यावर,
आमच्याकडे मोजण्याआधी.
यावर आम्ही दोघं चहाची सुट्टी संपेपर्यंत भांडलो.

मुकबिल आजोबांनी याच कारखान्यात
एकतीस वर्षं लोखंड ओतलं.
ते एडनहून आले. ते म्हणतात, या शब्दाच्या आत एक उंट आहे,
गुडघे मोडून बसलेला.
बसला की लवकर उठत नाही.
तसं राहावं माणसाच्या दारात, एवढंच मागणं.
बोलताना ते स्वतःचे गुडघे चोळत होते.

तिसऱ्या रविवारी साडेसहाला जमलं.
पैसे घेताना तलातू काहीच बोलली नाही,
नाणी उलटसुलट करत राहिली,
त्यात एक युरो निघाला, तो तिनं परत दिला.

घरी येऊन मापटं चिंचेनं घासलं.
अक्षरं तेवढी उठली नाहीत.
तांदळाच्या डब्यात ते बुडवलं,
वरचं बोटानं सपाट केलं,
म्हटलं, बरकत,
आणि सवयीनं हात
पुन्हा डब्यात गेला.

मला एकटीला एवढेच पुरतात.

हात थोडा वेळ तांदळात तसाच राहू दिला.